हलक्या पायडलाचा नाद

आईचा केकसाठीचा वजनकाटा मी अधूनमधून सायकलच्या सामानासाठी वापरतो, हे तिला माहीत होतं. पण ग्रीस लागलेली पायडलं मी थेट त्यावर ठेवली त्या दिवशी तिनं काटा माझ्या नावावर करून टाकला आणि स्वतःसाठी नवीन मागवला. पहिली नोंद त्या काट्यावरचीच आहे: जुनी जोडी, सायकलबरोबर आलेली, ४९० ग्रॅम. त्यातलं उजवं पायडल कुरकुरायला लागलं होतं, फिरवलं की आत वाळू दळल्यासारखा आवाज.

नवीन घ्यायचं तर चांगली हलकी ॲल्युमिनियमची जोडी तेरा-चौदा हजारांची. एवढे पैसे दोन पत्र्यांना? मी चिंचवडला टूलरूममध्ये ड्रॉइंगं करतो, दिवसभर फिक्स्चर आणि जिग यांचं काम. मित्राचा भोसरीला गाळा आहे, तिथे एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आणि दोन लेथ. तेव्हा 'यात काय आहे, चार बोल्ट आणि एक दांडा, आपणच करू' असं वाटणं साहजिकच होतं. उद्दिष्ट ठरवलं ३०० ग्रॅमची जोडी. का ३००? आकडा गोल होता म्हणून. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे आजही नाही.

सपाटच पायडल का, हे आधी सांगून टाकतो, कारण दर रविवारी कुणीतरी विचारतंच. बुटाला अडकणारी पायडलं मी दीड वर्ष वापरली. १९८४ साली स्कीची बाइंडिंगं करणाऱ्या लुक कंपनीनं ती कल्पना रस्त्यावरच्या सायकलींसाठी आणली, शिमानोनं १९९० मध्ये डोंगरातल्या सायकलींसाठी चिखलात चालेल अशी छोटी पट्टी काढली. चढावर ती पायडलं झकास चालतात, वाद नाही. पण वेताळ टेकडीवरून पाषाणच्या बाजूला उतरताना मुरमावर पुढचं चाक घसरलं आणि पाय सुटायच्या आत मी कोपरावर आलो. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा व्हायची वाट पाहिली नाही. सपाट पायडलावर पाय मोकळा असतो, घसरलं की पाय आपोआप जमिनीवर जातो. आणि सपाट पायडल नवशिक्यांचं असं म्हणणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल पुरेसा आहे. २००६, २००७ आणि २०१० साली तो डाउनहिलचा जगज्जेता झाला, पुढे २०१७ ते २०१९ सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सिरीज त्यानं जिंकली, आणि हे सगळं सपाट पायडलांवर.

कामाची सुरुवात प्लायवूडवर झाली. बारा मिलिमीटरच्या प्लायचे चार तुकडे कापले: एक ९५ बाय ९०, एक १०० बाय १००, एक ११० बाय १०५ आणि एक उगाच मोठा, १२० बाय ११०. खाली मध्यावर गोल पट्टी ठोकली, म्हणजे तुकडा पुढेमागे डुलेल. मग स्वयंपाकघरात बूट घालून त्यावर उभा राहिलो. माझा बूट नऊ नंबर. ९५च्या तुकड्यावर पाय सारखा योग्य जागा शोधत राहतो. १२०चा आरामदायक, पण खडकाला घासायला तेवढीच जास्त कड. ११० बाय १०५ वर येऊन थांबलो. पाऊल चवड्यावर न ठेवता जरा पुढे सरकवून, पावलाच्या मध्याजवळ आस येईल असं ठेवायची सवय असेल तर लांबी लागतेच. टाच खाली सोडून उतारावर उभं राहताना पोटरी थकत नाही.

बूट घसरू नये म्हणून पायडलावर उभ्या असणाऱ्या बारीक पिना कुठे बसवायच्या हे रांगोळीनं ठरलं. ही युक्ती बायकोची. जुन्या पायडलावर पांढरी रांगोळी भुरभुरवायची, काळ्या तळव्याचा बूट एकदाच दाबून ठेवायचा आणि उचलून बघायचं. तळव्यावर जे दिसलं त्यानं मी चाटच पडलो. पुढच्या ओळीचे चार ठिपके ठळक, मागच्या ओळीचे तीन ठळक, आणि मधल्या सहा पिनांपैकी पाच जणींची नुसती धूळ. म्हणजे मधल्या पिना असून नसल्यासारख्या. पायडलाला मध्ये खोलगट का करतात हे तोवर मी फक्त वाचलं होतं. बुटाचा तळवा चवड्याखाली किंचित फुगीर असतो, तो त्या खोलग्यात बसायला हवा.

आता खोलगट करायचं, शिवाय पातळही करायचं, आणि नेमकं मधूनच स्पिंडल, म्हणजे पायडल ज्याभोवती फिरतं तो दांडा, जाणार. सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी इथे आहे. स्पिंडलवर बेअरिंग, बेअरिंगवर ॲल्युमिनियमची भिंत; म्हणजे पायडलाची मध्यावरची जाडी बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा कमी होऊच शकत नाही. आठ मिलिमीटर भोकाचं साधं ६८८ नंबरचं बेअरिंग घेतलं तर बाहेरचा व्यास १६. वरखाली दीड-दीड मिलिमीटर भिंत धरली की १९. मध्ये १९ आणि कडा त्याहून जाड करायच्या तर ते पायडल राहत नाही, पाट होतो. म्हणूनच बाजारातली पातळ पायडलं जवळून पाहिली तर क्रँकच्या (पायडल ज्या दांडीला बसतं तिच्या) बाजूला एक गाठ दिसते: मोठं बेअरिंग त्या गाठीत, पावलाच्या बाहेर. आणि पावलाखाली, बाहेरच्या टोकाला, काहीतरी बारीक. नीडल बेअरिंग (गोळ्यांऐवजी बारीक सुयांचं) किंवा नुसता बुश (बिनगोळ्यांची गुळगुळीत नळी). मी पहिल्या फेरीत नीडल निवडलं, आठ बाय बाराचं. बुश म्हणजे गरिबाचं बेअरिंग, अशी माझी तेव्हाची समजूत.

स्पिंडलसाठी ईएन २४ हे पोलाद. भोसरीत कुठल्याही दुकानात मागा, गोल बार कापून देतात. लेथवरचे काका मित्राच्या वडिलांच्या वेळचे. ड्रॉइंग हातात घेतलं की आधी उलटं धरून मागची बाजू बघायची त्यांची सवय, मागे कोणी हिशेब तर लिहिला नाही ना.

"नऊ भागिले सोळा? इंचात?" ते म्हणाले.

"हो काका. जगभर बहुतेक सायकलींच्या पायडलाला हेच आटे. नऊ सोळांश इंच, इंचाला वीस."

"मग सुताला कशाला मिलिमीटर घातलेत वर?"

बरोबर होतं त्यांचं. आटे इंचात, बाकी सगळं मिलिमीटरमध्ये, अशी खिचडी आहे ही. काकांनी गिअर बदलून वीसचा पिच लावला आणि दोन दिवसांत दोन स्पिंडल तयार केले. फिनिश आरशासारखा. मी घरी येऊन उजवा क्रँकला लावला, सरसर गेला. डावा लावायला घेतला तर जाईना. एक आटाही धरेना. स्पिंडल डोळ्यांजवळ धरला तेव्हा दिसलं: दोन्हीला सुलटे आटे.

दुसऱ्या दिवशी भोसरी. काकांनी शांतपणे माझं ड्रॉइंग काढून दाखवलं. मी लिहिलं होतं, 'स्पिंडल एलएच'. "एलएच म्हणजे डाव्या पायाचा ना? मग डाव्या पायाचाच केलाय." मला म्हणायचं होतं की आटे डावे, म्हणजे उलटे. दोन्ही अर्थ एकाच अक्षरांत बसत होते आणि चूक सरळ माझी होती. वीस वर्षं ड्रॉइंगं करून.

पण काका एवढ्यावर सोडणार नव्हते. डाव्याला उलटे आटे का, हे त्यांना पटेना. "पाय पुढे फिरतो, बेअरिंग स्पिंडलला ओढणार पुढेच. त्या हिशेबानं उलटे आटे घातले तर सुटून जाईल की." वरवर पाहता अगदी खरं. मी खिशातली पेन्सिल काढली, त्यांच्या मुठीत सैल धरायला दिली आणि वरचं टोक घड्याळाच्या काट्याप्रमाणे गोल फिरवलं. पेन्सिल मुठीत स्वतःभोवती उलट्या दिशेनं फिरायला लागली. क्रँकच्या भोकात स्पिंडल अशीच किंचित सैल असते, दाब फिरत राहतो आणि ती त्या भोकात उलटी लोळत जाते. बेअरिंगच्या ओढीपेक्षा हे लोळणं कितीतरी जोरकस. म्हणून डाव्या बाजूला उलटे आटे: लोळता लोळता ती घट्टच होत जाते. काकांनी पेन्सिल तीनदा फिरवून पाहिली, मग शेजारच्या लेथवरच्या पोराला बोलावून त्याच्या मुठीत धरायला दिली.

बॉडी पहिल्यांदा एचई ३० या ॲल्युमिनियममधून काढली, कारण मित्राकडे कट पीस पडले होते. ११० बाय १०५ बाय १८ चा ठोकळा साधारण साडेपाचशे ग्रॅमचा, त्यातून शेवटी उरतं सव्वाशेच्या आसपास. बाकी सगळा चुरा. व्हीएमसीखालच्या ट्रेमध्ये चकचकीत कीस साठत गेला आणि मला पहिल्यांदा कळलं की हलकं पायडल महाग का असतं: आपण धातूचे पैसे देत नाही, धातू काढून टाकण्याचे देतो. बॉडी दोन्ही बाजूंनी करायची, म्हणजे दोन सेटिंग. दुसऱ्या सेटिंगला धरायला सपाट जागाच उरत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळं फिक्स्चर. ते फिक्स्चर बॉडीपेक्षा महाग पडलं. बायकोला मी हा आकडा सांगितलेला नाही.

जोडी झाली ४२६ ग्रॅम. शनिवारी पहाटे टेकडीवर नेली, साडेपाचला, म्हणजे फिरायला येणारे आजी-आजोबा सहाला यायच्या आत उतरून होतं. (त्यांचा आमच्यावर राग आहे आणि तो पूर्णपणे अनाठायी नाही.) ६४ ग्रॅम कमी झालेले जाणवतील म्हणून पायाकडे लक्ष देऊन चढलो. काहीही जाणवलं नाही. अगदी काहीही नाही.

घरी येऊन मग तो हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. मी ८३ किलो, सायकल, पाणी, हेल्मेट धरून सगळं ९८. त्यात शंभर ग्रॅम म्हणजे एक दशांश टक्का. सिंहगडासारखा तासभराचा घाट धरला तर शंभर ग्रॅमनं वाचतात साडेतीन-पावणेचार सेकंद. माझ्या ६४ ग्रॅमनी अडीचसुद्धा नाही. 'पण फिरणारं वजन दुप्पट मोजतात' हे सायकलवाल्यांचं आवडतं वाक्य. ते चाकाच्या रिमला काही प्रमाणात लागू आहे, कारण रिम सायकलच्या वेगानं पळते. पायडल १७० मिलिमीटरच्या क्रँकवर, मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तरी, सेकंदाला १.४ मीटरनं फिरतं. माणूस चालतो तो वेग. आणि त्याच्यावर जो फिरतोय तो गुडघ्याखालचा पाय, बुटासकट पाचेक किलोचा. तिथे पन्नास ग्रॅमची काय मातबरी.

जाणवलं ते वेगळंच. पायडल डुलत होतं. पाऊल जरा पुढे गेलं की पुढे कलायचं, मागे आलं की मागे. कारण मोजायला फार वेळ लागला नाही. माझी पहिली बॉडी सरसकट १८ जाड, वर पिना साडेचार. म्हणजे तळवा आसेच्या साडेतेरा मिलिमीटर वर. लाकडाच्या ओंडक्यावर उभं राहिल्यासारखं. तळवा आसेच्या जितका जवळ तितकं पायडल शांत. जुनं ४९० ग्रॅमचं पायडल १६ जाड होतं आणि ते कमी डुलायचं. पायाला ग्रॅम कळत नाहीत, मिलिमीटर कळतात. त्या दिवसापासून मी वजनाचा रकाना ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सरकवला आणि जाडीचा वर आणला.

दोन महिन्यांनी डाव्या पायडलात खडखड सुरू झाली. उघडलं. नीडल बेअरिंगमधल्या सुया सुईसारख्याच शाबूत होत्या, पण स्पिंडलवर, जिथे त्या फिरत होत्या, तिथे रेघा उमटल्या होत्या. नखानं लागतील इतक्या खोल. ईएन २४ चिवट आहे, कठीण नाही. अशा नीडल बेअरिंगला आतली रिंग नसते, सुया थेट दांड्यावर धावतात, म्हणून दांडा पृष्ठभागावर बेअरिंगच्या पोलादाइतका कठीण लागतो. हे कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं. मी फक्त मापांचं पान वाचलं होतं.

रेघा बघताना आणखी एक शंका आली. स्पिंडल मी १२ वरून एकदम ८ वर आणला होता, पायरी करून, आणि त्या पायरीच्या कोपऱ्याला त्रिज्या लिहायची राहिली होती. काकांनी ड्रॉइंगप्रमाणे तीक्ष्ण कोपरा काढला होता, स्वच्छ आणि नव्वद अंशांत. टूलरूममध्ये वेल्ड तपासायला डाय पेनेट्रंट, म्हणजे बारीक तडे दाखवणारा रंग, असतो. जेवणाच्या सुट्टीत स्पिंडल पुसला, लाल रंग फवारला, दहा मिनिटं ठेवला, पुसून काढला आणि वर पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्यावर, बरोबर कोपऱ्यात, एक लाल रेघ हळूहळू वर आली. केसाएवढी. दांड्याच्या पाव परिघाला वळसा घालून गेलेली. मी बराच वेळ ती बघत उभा राहिलो. आदल्याच रविवारी त्याच स्पिंडलवर उभा राहून मी खाणीजवळची दोन फुटांची पायरी उडी मारून उतरलो होतो.

त्या रेघेनं ३०० ग्रॅमचं भूत बरंचसं उतरवलं. पायडलाच्या बॉडीला तडा गेला तर पिना जातील, कोपरा जाईल, शिव्या देत घरी याल. स्पिंडल तुटला तर पाय थेट खाली आणि तोंड हँडलवर. वजन कापायचं तर कुठून कापायचं आणि कुठून नाही, याची ही रेषाच होती. सायकलच्या सुरक्षिततेचं आयएसओ ४२१० नावाचं मानक आहे, त्याचा आठवा भाग पायडल आणि क्रँक वगैरेंच्या चाचण्यांचा: वजन आपटायचं, वजन लादून फिरवत ठेवायचं. माझ्याकडे तसं यंत्र नाही. माझं चाचणीयंत्र ८३ किलोंचं आणि त्याला एकच हनुवटी आहे.

दुसऱ्या खेपेला स्पिंडल पायरीऐवजी उतरत्या आकाराचा केला, १२ वरून हळूहळू ८ वर, आणि प्रत्येक कोपऱ्याला दीड मिलिमीटरची त्रिज्या, ठळक अक्षरांत. काका हसले, "आता लिहिलंय होय?" बाहेरचा व्यास १० करून वजन उतरवायचा मोह होत होता, पण वाकण्याची ताकद व्यासाच्या घनावर चालते: १२ चा १० केला की ताकद ४२ टक्क्यांनी जाते. उलट १२ च्या दांड्यात मधून ६ चं भोक पाडलं तर वजन पाव कमी होतं आणि ताकद जेमतेम ६ टक्के. मधला धातू वाकताना फारसं काही करतच नसतो. साठ मिलिमीटर खोल भोक, दर स्पिंडलमागे १३ ग्रॅम. सगळ्या प्रकल्पातले हेच काय ते फुकटात मिळालेले ग्रॅम. मात्र इतकं खोल भोक सरळ जायला हवं. काकांनी ड्रिल दर पाच मिलिमीटरला बाहेर काढून कीस झाडत, तेल सोडत, अर्धा तास एका स्पिंडलला घालवला.

टायटॅनियमचं सगळेच सुचवतात. स्पिंडल जवळजवळ निम्म्या वजनाचा होतो, जोडीमागे साठेक ग्रॅम वाचतात. पण टायटॅनियम ओरखड्याला आणि तीक्ष्ण कोपऱ्याला फार नाजूक, आट्यांत चिकटून बसायची खोड, आणि टायटॅनियम स्पिंडलच्या बऱ्याच पायडलांवर स्वाराच्या वजनाची मर्यादा छापलेली असते ती उगाच नाही. केसाएवढी लाल रेघ पाहिलेल्या माणसानं तिकडे जाऊ नये. गेलो नाही.

नीडल काढून बाहेरच्या टोकाला प्लास्टिकचा बुश घातला, आठ बाय दहाचा, भिंत फक्त एक मिलिमीटर. गरिबाचं बेअरिंग म्हणून ज्याला हिणवलं त्यानंच सगळं सोपं केलं. बाहेरचा व्यास १२ वरून १० वर आला, म्हणजे पायडलाची मध्यावरची जाडी त्या टोकाला १३ झाली, क्रँकच्या बाजूला १५. पुढच्यामागच्या कडा १५ ठेवल्या. कडेच्या पिना साडेचार मिलिमीटर उंच, मधल्या तीन मिलिमीटर. धातूचा एक आणि पिनांचा दीड मिळून बाहेरच्या बाजूला अडीच मिलिमीटरचा खोलगा मिळाला. बुश झिजतो, धूळ गेली की लवकर झिजतो, पण बदलायला दहा मिनिटं आणि चहाच्या बिलाएवढा खर्च. क्रँककडच्या गाठीत मोठं बेअरिंग, १२ बाय २१ चं. त्या गाठीमुळे पाऊल क्रँकपासून जरा बाहेर जातं आणि बुटाची आतली कड तिला अधूनमधून घासते. माझ्या डाव्या बुटाला तिथे गुळगुळीत डाग पडलाय. हे दुखणं मी सोडवू शकलेलो नाही.

या खेपेला बॉडी ७०७५ या जास्त ताकदीच्या ॲल्युमिनियममधून. यात एक गैरसमज मलाही होता: ७०७५ घेतलं की हलकं होतं. होत नाही. घनता २.८१, साध्या ६०६१ ची २.७०, म्हणजे त्याच आकाराचं पायडल चार टक्के जडच व्हायचं. ताकद मात्र पावणेदोन पटीच्या पुढे, त्यामुळे भिंती बारीक करायची मुभा मिळते. ती मुभा घेतली नाही तर नुसता खर्च. मी खिडक्या मोठ्या केल्या, मधले दोन आडवे दांडे काढले, पुढची कड तिरकी उतरवली. या तिरक्या कडेचा फायदा वजनापेक्षा खडकावर जास्त: बेसाल्टचा धोंडा लागला की पायडल अडकत नाही, वर घसरून निघून जातं.

पिना दर बाजूला दहावरून सातवर आणल्या, रांगोळीच्या सल्ल्यानं. साधे एम ४ चे ग्रब स्क्रू, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. फक्त ते उलट्या बाजूनं आत घालायचे, म्हणजे ॲलन कीचं भोक दुसऱ्या बाजूला राहतं. वरून घातलेल्या पिनेचं डोकं पहिल्याच धोंड्यावर चेपतं आणि मग ती काढायला ड्रिल लागतं. पिना कमी झाल्या तसा प्रत्येकीवर दाब वाढला आणि पकड उलट सुधारली. इतकी की पाऊल हलवायचं तर उचलूनच हलवावं लागतं. याची किंमत उजव्या नडगीवर आहे: तिसऱ्याच दिवशी ओल्या दगडावर पाय निसटला, पायडल गर्रकन फिरून नडगीवर आलं. चार टाके, आणि डॉक्टरांचा प्रश्न, "कुत्रं चावलं का?" तेव्हापासून नडगीला पॅड.

आता तिसरी जोडी सायकलवर आहे. ३६५ ग्रॅम. आणि इथे एक कबुली द्यायला हवी: काच तंतू घातलेल्या नायलॉनची तयार पायडलं, माझ्या पहिल्या फिक्स्चरच्या एक तृतीयांश किमतीत, साडेतीनशेच्या आसपास वजनाची मिळतात. मी एक जोडी आणून महिनाभर वापरलीही. वाईट नाहीत, खरं तर चांगली आहेत. धोंड्याला लागली की ॲल्युमिनियमसारखी अडकत नाहीत, साबणासारखी सरकतात. कडा सोलवटतात, जाडी जरा जास्त, पण कुणी मला विचारलं की पहिलं सपाट पायडल कोणतं घेऊ, तर मी तेच सांगतो. आणि पैसे उरले तर बुटांवर घाल म्हणतो. फाइव्ह टेनसारखे बूट, मूळ प्रस्तरारोहणाच्या मऊ रबराचे, साध्या पायडलावरही जे करतात ते माझं ७०७५ पळण्याच्या बुटांखाली करत नाही. पळण्याच्या बुटाचा फोमचा तळवा पिनांवर नुसता डुगडुगतो.

दुकानात पायडल बघायला मला मित्र बरोबर नेतात हल्ली. मी वजनाचा आकडा शेवटी बघतो. आधी पायडल आडवं धरून डोळ्याच्या रेषेत आणतो: मध्ये फुगलंय की खोल आहे. मग स्पिंडल बोटांनी फिरवून, आडवा हलवून खेळ बघतो. पिना मागून घातल्यात का. बुश आणि बेअरिंग सुटे मिळतात का, हे दुकानदाराला विचारतो. इथे निम्मी दुकानं गप्प होतात. आणि पायडल उलटं करून गाठ किती मोठी आहे ते, माझ्या डाव्या बुटाची आठवण ठेवून.

काकांच्या नातवानं मध्यंतरी डोंगरातली सायकल घेतली. त्याच्यासाठी दुसऱ्या खेपेची जोडी, ३८९ ग्रॅमची, काकांनी स्वतः हक्कानं मागून नेली. उलट्या आट्यांचा स्पिंडल त्यांनी नातवाला पेन्सिल हातात देऊन समजावला, असं मित्र सांगतो. सुलट्या आट्यांचा डावा स्पिंडल माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सिंहगडाच्या पायथ्याच्या गावांतून, शेतांच्या कडेनं चिखलातून आलो. काळी माती, चिकट, खिडक्यांमध्ये गच्च भरलेली. सायकल धुवायच्या आधी सहज पायडलं काढली आणि काट्यावर ठेवली. ५०३. आईनं मागून पाहिलं. "वाढलं की रे," म्हणाली, आणि नवा काटा उचलून आतल्या कपाटात ठेवायला गेली.